लांबडं, वादळ, गॅसचं बटण: घरात मुक्कामाला आलेल्या भीतीचं तुम्ही काय केलंत?

हळदीचं_पान

'भीतीला सामोरं जा' हा सल्ला मला येता-जाता सगळ्यांनी दिला. देणाऱ्यांपैकी एकानेही फुरसं, म्हणजे आमच्याकडचा विषारी साप, जवळून पाहिलेलं नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. यांच्या निवृत्तीनंतर आम्ही डोंबिवली सोडून गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचे आलो. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागीलदारी न्हाणीघर, परसात नारळ-पोफळी आणि सभोवती दगडी गडगा. मे महिन्यात आठ दिवस येऊन आंबे खाऊन जाणं वेगळं, आणि भर पावसात तिन्हीसांजेला लाकडं आणायला मागीलदारी जाणं वेगळं. मला सापाची भीती. दोरीचा तुकडा दिसला तरी पाय जागच्या जागी थिजायचे. रात्री न्हाणीघरात जायचं तर यांना उठवायचं, आणि ते उठेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. सासूबाईंपुढे विषय काढायची सोय नव्हती. दिवेलागणीनंतर त्या 'लांबडं' म्हणतात, फार तर 'जनावर'. बोलायचं नाही, बघायचं नाही, मारायचंही नाही. मग करायचं काय?

गडग्याच्या फटीत एकदा कात सापडली. शेजारच्या काकूंनी ती काडीने ओढून काढली, 'धामणीची हो, घाबरू नको' म्हणाल्या आणि ओटीवर ठेवून निघून गेल्या. काठी घेऊन ती ढकलायची तर तिच्याकडे बघावं लागणार. बघितलं. मग जरा वाकून बघितलं. डोळ्यांवरचं पारदर्शक झाकणसुद्धा कातीबरोबर निघून येतं, हे मला माहीत नव्हतं. दोन बारीक काचेचे थेंब असावेत तसं ते दिसत होतं. पोटाकडचे खवले आडवे आणि रुंद, पाठीचे लहान, एकमेकांवर तिरके बसवलेले. आमच्या छपरावर कौलं बसवतात त्याच हिशोबाने. नातवाची चित्रकलेची वही पडली होती, तीत पेन्सिलीने तेवढा एक हातभर तुकडा काढला. बराच वेळ गेला. आणि त्या वेळात मी घाबरलेली नव्हते, हे नंतर लक्षात आलं.

पुढे वही वाढत गेली. गावातल्या पोरांना सांगून ठेवलं, कात मिळाली की आणा. फुरशाची कात लहान, पण तिच्या पाठीच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध उंच रेघ असते, बोट फिरवलं की खरखरीत लागते. चिडलं की ते वेटोळ्यावर वेटोळं घासून जो आवाज करतं, तो याच खवल्यांचा. कातीत रंग-नक्षी फारशी उतरत नाही, म्हणून ती पुस्तकातल्या फोटोंवरून काढली. घोणशीच्या अंगावरची साखळी, लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी. मण्यारीचे जोडीजोडीने येणारे बारीक पांढरे पट्टे, शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे विरत जाणारे. कवड्याचे नेमके उलट, मानेकडे ठळक. ज्या बिचाऱ्या कवड्याला मण्यार समजून लोक ठेचतात, त्याला विषच नसतं.

नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढायची आमच्याकडे पद्धत आहे. मी शेजारी रांगोळीने घोणस काढली. सासूबाई म्हणाल्या, 'देवाचा नाग काढ की! बाकीच्यांना कशाला आवतण?' पण पुसली नाही. दुपारी पातोळ्या वाढताना स्वतःच कुणाला तरी दाखवत होत्या. आता पडवीच्या आतल्या भिंतीला खालून हातभर गेरूचा पट्टा आहे आणि त्यावर तांदळाच्या पिठीने काढलेली किनार. एका बाजूला फुरशाची नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला घोणशीची साखळी. येणारा पाहुणा 'वा, वारली का?' म्हणून विचारतो. मी हो म्हणते. चहा तरी सुखाने पिऊ दे.

माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती नेमकी झाली. आधी सगळ्या अंधाराची होती, आता चार जातींची आहे आणि त्यातही ठरावीक जागांची: लाकडाचा ढीग, गडग्याची फट, पेंढा, न्हाणीघराची मोरी. विजेरी घेते, पाय आपटत जाते, लाकूड आधी काठीने हलवते. यांना उठवत नाही.

तुमच्या घरात अशी एखादी भीती आहे का? आणि तिच्यातून हाताला काही काम मिळालं का? व्याख्यानं नकोत, घरातलं सांगा.

गडगा

लेख आवडला, पण एक काळजीची सूचना. तुमच्या चित्रांवरून कुणी 'हा कवड्या, बिनविषारी' म्हणून हात घालू नये. चिखलाने माखलेली मण्यार, अंधारात अर्धी दिसलेली मण्यार यांत भलेभले फसतात. ओळख चित्रापुरती ठेवा. प्रत्यक्षात सगळ्यांपासून सारखंच लांब.

बाकी कौलांची उपमा आवडली. नळीची की मंगलोरी?

हळदीचं_पान

@गडगा, अगदी मान्य. ओळखते ती लांबून, आणि ओळखून आणखी लांब जाते. कौलं मंगलोरी. नळीची होती ती सासऱ्यांच्या काळात उतरवली.

रोठा_सुपारी

श्रीवर्धनहून. आमच्याकडे भीती वाऱ्याची.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. आमची पोफळीची वाडी होती, आजोबांनी लावलेली. दुपारी वाऱ्याचा आवाज सुरू झाला तेव्हा आम्ही माजघरात बसलो होतो, आणि बाहेर आलो तेव्हा समुद्र घरातून दिसत होता. त्याआधी कधीच दिसला नव्हता, मध्ये झाडं होती. पोफळ आज लावली तर धरायला पाच-सात वर्षं लागतात. पैशाचं नंतर बघता येतं. आईचं काय करायचं ते कळेना. पत्रा जरा वाजला की ती खिडक्या लावून घ्यायची, भर मे महिन्यातसुद्धा. मी तिला हवामानाचे नकाशे दाखवले, मोबाईलवर वाऱ्याचा वेग दाखवला. त्याने उलट झालं. दर तासाला 'आता किती दाखवतंय?' सुरू झालं.

पडलेल्या झाडांचे बुंधे फाडून आम्ही कुंपण केलं, बाक केले. विऱ्यांचा ढीग तसाच होता. (शहरातल्यांसाठी: पोफळीच्या झावळीचा बुडाचा रुंद भाग, चामड्यासारखा चिवट. ओली असताना हवी तशी वळते, वाळली की तोच आकार धरून बसते.) आई लहानपणी विरीवर बसून घसरगुंडी खेळायची. तिने माझ्या मुलीसाठी एका विरीचं भिरभिरं केलं आणि गडग्यावर बांबूला लावलं. एकच. ते पावसात सडलं, तर दुसरं केलं, पाती जरा तिरकी कापून. मग तिसरं मोठं, शेपटीवालं, वाऱ्याकडे तोंड करणारं. आता वाडीच्या चारी कोपऱ्यांत आहेत आणि गेरू-चुन्याने रंगवलेली आहेत. सकाळी उठून ती आधी ती बघते. 'आज मतलई अजून सुटलाय', 'आज खारा लवकर आला', असं बोलते. हे शब्द तिला माहेरपासून येत होते, पण वादळानंतर आम्ही तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. भिरभिऱ्यांकडे बघून आईने कागदपत्रं प्लास्टिकच्या डब्यात भरली, पाणी भरून ठेवलं, गुरं सोडली आणि भिरभिरीही काढून आत आणली. घाबरली होती, हात थरथरत होते. पण हात चालू होते.

@हळदीचं_पान, तुमचं 'नेमकी झाली' पटलं. वाऱ्याच्या बाबतीत तेच झालं असं म्हणता येईल. सगळाच वारा वादळ नसतो, एवढं तिला पुन्हा दिसायला लागलं.

उंबरठा

सगळ्यांचं वाचलं. छान आहे. पण मला एक खटकतंय. हे सगळं वेळ असलेल्यांचं झालं ना? आमच्याकडे पहाटे पाणी तापवण्यापासून रात्री भांडी पालथी घालेपर्यंत हात रिकामा नसतो. भीती म्हणाल तर मला सासरच्या माणसांत चार शब्द बोलायची भीती होती, अजून आहे. त्यावर मी भिंत रंगवायची? कोण रंगवू देणार? घरकामातली 'सर्जनशीलता' हा शब्द ऐकला की मला वाटतं, त्याच कामाला कुणीतरी छान कागदात गुंडाळून परत आपल्याच हातात देतंय.

सडा_सारवण

@उंबरठा, तुमच्या बोलण्यात तथ्य आहे, रागही समजतो. फक्त एक सांगते, उपदेश म्हणून नव्हे.

आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, दर वर्षी दिवाळीआधी करतात. माती टाकायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं आणि मग शेणाने सारवायचं. सारवताना हात अर्धगोल फिरतो आणि बोटांचे अर्धचंद्र उमटत जातात. माझ्या जावेचे मोठे आणि सैल, माझे बारीक आणि एकात एक. वाळल्यावर कोण कुठपर्यंत आलं होतं ते ओळीने दिसतं. मला घरात बोलायची भीती होती, तुमच्यासारखीच. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासरे खळ्यात उभे राहून म्हणाले, 'ह्या बाजूचं कुणी सारवलं?' मला वाटलं, चुकलं काहीतरी. जाऊबाई म्हणाल्या, 'धाकटीने.' ते म्हणाले, 'तुळशीपुढचं हिलाच द्या.' बस. वर्षभरात माझ्याशी थेट बोललेलं ते जवळजवळ पहिलं वाक्य, आणि तेही माझ्याशी नव्हे!

त्याने बोलायची भीती गेली नाही. पण तुळशीपुढच्या जागेबद्दल बोलायचं असलं की मला विचारायला लागले, आणि मग मी बोलायचे. तिथून सुरुवात झाली. काम तेच होतं, वेळ वेगळा मिळाला नव्हता.

उंबरठा

@सडा_सारवण, हे आवडलं. 'धाकटीने' म्हणणारी जाऊ मात्र सगळ्यांना मिळत नाही.

सडा_सारवण

तेही खरंच.

करटी

हळदीच्या पानाबाय, तुझा वाचून बरा वाटला. मी कुडाळ तालुक्यातलो म्हातारो. मालवणीतच लिवतंय, समजान घ्या.

माझी बायल गेली तेवा माका चाय सोडून काय येय नाय. आणि चाय पण शेगडी पेटलेली असली तरच. गॅस पेटवूक मी भियायचंय. लायटर हातात घेतलंय काय हात थरथरायचो. हसा नको. चाळीस वर्सां एसटी चालवलंय, फोंडाघाट रात्रीचो उतारलंय पावसात, तेवा भियालंय नाय. बटण फिरवूचा आणि 'भक' करून पेटूचा, त्येका भियायचंय. झील मुंबयत. तो म्हणता, 'बाबा, डबो लावा.' लावलो. म्हयनोभर जेवलंय. त्या जेवणाची चव सांगणंय नाय, त्या माणसाचा पोट असा त्येच्यावर.

फळीवर बायलेची करटी होती. नारळाची, घासून घासून काळी झाललीसा. तांदूळ तेनाच मोजायची, पीठ तेनाच, डाळ तेनाच. आत नखान तीन वरखडे काढललीसा. खालचो कित्याक, मधलो कित्याक, माका कधी म्हायत नाय. इचारलंय नाय कधी. आता कोणाक इचारू?

मगे मी ता शोधून काढूक बसलंय. शेजारच्या झिलान गॅस कसो पेटवूचो ता धा वेळा दाखवल्यान, आदी काडी मगे बटण, लायटर नको. काडीन माझो हात थरथारणा नाय, इडी वडूची सवय! खालच्या वरखड्यापर्यंत कुळथाचा पीठ घेतलंय, पिठी केलंय, पातळ झाली. मधल्यापर्यंत घेतलंय, बरोबर तिच्यासारखी. तेवा समाजला, मधलो वरखडो पिठीचो. खालचो एका माणसाच्या भाताचो. वरचो अजून सापडाक नाय. फणसाचे घोट्ये घालून बघितलंय, नाय. वाल घालून बघितलंय, नाय. शोधतंय.

गॅसाचा भय ह्या सगळ्यात खय गेला ता माका म्हायत नाय. ता बघूक सवडच गावली नाय.

रोठा_सुपारी

आजोबा, वरचा वरखडा पाहुणे आले तर भाताचा असेल का?

करटी

एकटोच असतंय, पावणे खय! पण बघतंय. तू ये जेवूक, म्हणजे समाजतला.

तिरफळ

आजोबांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती अर्ध्यावर उठून आत गेली. आमच्या घरी आजीची अशीच करवंटी होती. मी शहाणपणा करून भंगारात दिली नाही एवढंच पुण्य.

आडाचं_पाणी

मी वेगळं लिहिणार आहे, क्षमस्व.

राजापूरकडचं आमचं घर. विहीर जांभ्यात खोदलेली, खोल, पायऱ्या नाहीत. लहानपणी माझ्यासमोर घरातलं एक मूल त्यात पडलं. वाचलं नाही. मी आज पन्नाशीला आले, त्या विहिरीत वाकून बघितलेलं नाही. हळदीचं_पान, तुमचं सगळं खरं असेल, पण विहिरीच्या दगडांची नक्षी काढून माझी भीती 'नेमकी' होणार नाही. ती आधीपासूनच नेमकी आहे. तिला वार, वेळ, सगळं आहे.

मी काय केलं? विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, कुलूप लावलं, पंप बसवला, पाणी टाकीत घेतलं. संपलं. भीती आहे तिथे आहे. मूल पडणार नाही. कधी कधी भीतीने सुचवलेलं काम करून मोकळं व्हावं, तिच्यातून काही फुलवायला जाऊ नये.

हळदीचं_पान

@आडाचं_पाणी, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. माझी भीती ऐकीव होती, तुमची बघितलेली. दोन्हींना एकच औषध असं मला म्हणायचं नाही. जाळी बसवलीत हे योग्य केलंत. आमच्या वाडीतल्या दोन विहिरी अजून उघड्या आहेत, ग्रामसभेत तो विषय काढायला तुमच्या प्रतिसादाने मला जोर आला. तिथे उभं राहून बोलायची मला थोडी भीती वाटते, पण बोलेन.

आडाचं_पाणी

जाळी जाड गजाची घ्या. बारीक जाळी खाऱ्या हवेत लवकर गंजते आणि मग ती असून नसल्यासारखीच. लाल रंग आधी, वर हिरवा, आणि दर उन्हाळ्यात बघायचं.

रात्रपाळी

सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, किनारपट्टीच्याच तालुक्यात. धागा छान आहे म्हणूनच दोन-तीन गोष्टी लिहून ठेवते. कुणीतरी रात्री दोनला हे शोधत येईल.

साप चावला तर जात ओळखायच्या फंदात पडू नका. माणसाला शांत बसवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या-जोडवी लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. आवळपट्टी नको, ब्लेडने कापणं नको, तोंडाने ओढणं नको, पाला चोळणं नको. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. साप मारून पिशवीत घालून आणू नका, त्यात आणखी एकाला चावलेला आम्ही बघितला आहे. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकच असते, त्यामुळे डॉक्टरांना लक्षणं पुरतात. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कधी कधी दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे समजतात अपचन. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असली तर हे बरंचसं टळतं.

विंचवाचं सांगायलाच हवं, कारण ती भीती आमच्या आजीच्या पिढीत सापाइतकीच मोठी होती. लाल विंचू चावला की मूल दुसऱ्या दिवशी हृदय थकून, फुप्फुसात पाणी होऊन जायचं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 पासून बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवत राहिले. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध इथे उपयोगी पडतं हे त्यांनी दाखवलं, आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. धाग्याच्या विषयात बसतं की नाही ठाऊक नाही, पण सगळे ज्याच्यापासून लांब पळत होते ते त्यांनी जवळ बसून बघितलं, एवढं साम्य आहे.

आणि शेवटचं. छातीत धडधड, झोप उडणं, घराबाहेर पाऊल टाकवत नाही, असं महिनोन्महिने चाललं असेल तर गोधडी-रांगोळीवर विसंबू नका. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी स्वतः काही जणांना लावून दिला आहे.

गडगा

@रात्रपाळी, हा प्रतिसाद छापून ग्रामपंचायतीत लावतो. परवानगी आहे असं समजतो.

रात्रपाळी

लावा की. जिथे रॉकेल, फिनेल ठेवतात त्या दुकानातही लावा. माणसं तिथे जास्त येतात.

चितारआळी

मी मूळची सावंतवाडीची, आता वेंगुर्ल्यात. माझी भीती अगदीच फालतू वाटेल: कागदावर रेघ मारायची. चौथीत एका बाईंनी माझा मोर सगळ्या वर्गाला दाखवून 'ही कोंबडी कुणाची?' विचारलं होतं. पुढे मुलाच्या प्रयोगवहीतलं जास्वंदीचं फूलसुद्धा मी शेजारणीकडून काढून आणायचे. आणि राहायचे कुठे, तर चितारआळीत! जिथे घराघरांत लाकडी फळं रंगवत बसलेली माणसं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा आंबा, केळं, सीताफळ, असं रंगवलेलं की पाहुणे चावून बघतात. राजवाड्यात गंजिफा रंगवतात. 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेचे 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. हे सगळं बघून माझी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. सभोवती सगळे इतके चांगले काढणारे असताना आपण कशाला, असं.

नवऱ्याबरोबर एकदा पिंगुळीला गेले. परशुराम गंगावणे यांना चित्रकथीसाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्याकडे. ठाकर समाजाची ही कला. संग्रहालय त्यांनी घरच्या गोठ्यात केलं आहे. जुन्या पोथ्यांतली चित्रं बघितली. डोळे चेहऱ्याबाहेर जातील एवढे मोठे, घोड्याचे पाय घोड्याला शोभतील असे मुळीच नाहीत, आणि तरी युद्ध चाललंय हे शंभर टक्के कळतं. मला एकदम सुचलं की ही चित्रं सांगण्यासाठी आहेत. एक माणूस चित्र उभं धरतो, कथा सांगतो, पुढचं चित्र घेतो. नुसतं बघून गुण द्यायला ती नाहीतच.

घरी येऊन मी कागद घेतला नाही. घावनं घालत होते. बिडाच्या तव्यावर पिठाची धार सोडून मोर काढला आणि मुलाला गोष्ट सांगत वाढला. आला तो कोंबडीसारखाच. मुलगा म्हणाला, 'आई, कोंबडीची पुढची गोष्ट सांग.' आता रविवारी घावनांची गोष्ट असते. राक्षस सगळ्यात कुरकुरीत होतो, कारण त्याचे केस बारीक धारेचे.

तिरफळ

राक्षस सगळ्यात कुरकुरीत!! @चितारआळी, पीठ किती पातळ ठेवता? माझी धार तुटते.

चितारआळी

नेहमीच्या घावनापेक्षा किंचित दाट, आणि वाटीने नव्हे, दुधाच्या पिशवीला कोपऱ्यात बारीक भोक पाडून. तवा आधी कांद्याने पुसायचा. रेघा आधी टाकायच्या, त्या जरा लाल झाल्या की वरून नेहमीचं पातळ पीठ. उलटलं की चित्र वर.

खाडीकाठ

दशावतारात काम करायचो, हौशी. धाग्यात कुणीच रंगमंचाच्या भीतीवर लिहिलं नाही म्हणून. आमच्याकडे म्हणतात, 'रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा'. संवाद लिहिलेले नसतात, उभं राहून तोंडाला येईल ते बोलायचं. मी विष्णू म्हणून उभा राहिलो की तोंड शिवल्यासारखं व्हायचं. एका जुन्या नटाने सांगितलं, घरी म्हशीला धुताना बोल. म्हटलं काय बोलू? म्हणाले, तिला शाप दे, वर दे, काहीही. म्हैस टाळ्या वाजवत नाही आणि उठूनही जात नाही. अजून तेच करतो. म्हशीला आजवर इतके वर मिळाले आहेत की तिने खरं तर जास्त दूध द्यायला हवं.

उंबरठा

@खाडीकाठ, मी उद्यापासून आमच्या म्हशीशी सासरच्यांबद्दल बोलणार आहे. शापच.

हळदीचं_पान

@उंबरठा, आधी बघा, मागे कुणी उभं नाही ना!

सगळ्यांना उत्तर देणं होत नाहीये, वाचतेय मात्र सगळं. दोघींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून इथेच लिहिते. पावसात गेरू कपड्याला लागू नये म्हणून: आधी चुन्याचा हात, तो पूर्ण वाळू द्यायचा. गेरू रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा, त्यात थोडं फेव्हिकॉल. नुसत्या पेजेवर बुरशी येते, आमच्याकडे आली. बाहेरच्या भिंतीवर करूच नका, पावसाळ्यात जांभा आतून पाझरतो आणि रंग पापुद्रे धरतो. साखळीची नक्षी मी आता गोधडीवरही घेतली आहे. कडेने साधा धावदोरा आणि मधल्या तीन ओळी साखळी टाक्याने. घोणशीला साखळी टाकाच शोभतो. सासूबाई ती पांघरून दुपारी झोपतात. कशाची नक्षी आहे ते त्यांना माहीत आहे, मी सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलेलं नाही.

तिरफळ

@करटी आजोबा, पिठीची कृती लिहा ना. मधल्या वरखड्याची.

करटी

घे. चार पाकळ्यो लसूण ठेच, सालीसकट. कांदो बारीक चिर. तेल तापला काय लसूण, मगे कांदो, हिरवी मिरची. पाणी घाल आणि उकळूक दे. पीठ आदी थंड पाण्यात कालव, कोरडा टाकशीत तर गुठळ्यो होतले. बारीक धारेन सोड आणि ढवळत रव. दोन सोलां, मीठ. खोबरा घालतत काय लोक, माझी बायल घाली नाय. उकळी इली काय दोन मिण्टां थांब, गॅस बारीक कर, बंद करू नको.

आणि ढवळताना फोन उचलू नको. झिलाचो असलो तरी.

रोठा_सुपारी

आजोबा, दिवाळीनंतर कुडाळला कामासाठी येतोय. जेवायला येऊ का? वरचा वरखडा बघू.

करटी

ये. पण आदी फोन कर, तांदूळ भिजत घालूक होयो. आणि येताना तुझ्या आवशीचा एक भिरभिरा घेवन ये.